दामोदरपर्यंत

गायधनी सर संगणक सुरू करत तेव्हा प्रयोगशाळेत कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. उजव्या तर्जनीनं बटण दाबायचं, डावा तळहात डब्यावर ठेवायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि डोळे मिटून पुटपुटायला लागायचं : केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः. संध्येतली चोवीस नावं. मी नोकरीवर रुजू झाले त्या पहिल्याच सकाळी हा सोहळा पाहिला आणि मला हसू फुटलं. बाराव्या नावाला पडदा उजळला. सरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "हसून झालं?"

मी मान हलवली.

"ही पूजा नाही, घड्याळ आहे. हा तीन नंबर दामोदराला उघडतो. बारावं नाव. वर्षानुवर्षं दामोदरालाच. ज्या दिवशी हा तेराव्यावर, संकर्षणावर जाईल, त्या दिवशी याच्या पोटात काहीतरी बिघडलंय हे मला कळेल. तुम्हाला कळणार नाही. तुम्ही एम.एस्सी. आहात."

अशी आमची ओळख झाली. त्यांनी मला नाव विचारलं, मी वैशाली निकम म्हणून सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'निकमबाई' झाले. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. बाई म्हणवून घ्यायचं माझं वय नव्हतं, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आमची प्रयोगशाळा पिंपळगावच्या अलीकडे, महामार्गाला लागून. निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचा अंश किती राहिलाय हे तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा, एवढंच आमचं काम. पण हंगामात त्या रिपोर्टावाचून एक पेटी बंदराकडे हलत नसे. तपासणीचं मोठं मशीन परदेशी, आणि त्याला जोडलेला एकच संगणक, तो हा तीन नंबर. मशीनची भाषा फक्त त्यालाच कळायची, कारण मशीनबरोबर आलेलं सॉफ्टवेअर त्याच्यातल्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच चालायचं. ती सिस्टिम बनवणाऱ्यांनी तिच्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. सुटे भाग मिळत नव्हते. एकदा पंखा बंद पडला तेव्हा सरांनी मनमाडच्या भंगारवाल्याकडून दुसरा शोधून आणला होता, आणि तोही गुरासारखा हंबरायचा. हा डबा एखाद्या फेब्रुवारीत बसला तर सगळा हंगाम बसणार, हे आमच्या सगळ्यांना माहीत होतं. पण झोप फक्त सरांची उडाली होती.

सर मूळचे पंचवटीतले, तीर्थोपाध्यायांच्या घरातले. घरात यजमानांच्या वंशावळीच्या लांबलचक वह्या, लाल कापडात बांधलेल्या. कोण कुठल्या गावाहून आला, कोणाचं श्राद्ध करून गेला, खाली त्याची सही. थोरला मुलगा म्हणून त्या वह्या यांच्याकडे यायच्या, तर हे विज्ञान शिकून संगणकात शिरले, आणि वह्या धाकट्या भावाकडे गेल्या. स्वभाव मात्र वहीबरोबर गेला नाही. कुठलंही नवं काही आलं की म्हणायचे, "आमच्या घरातल्या वहीला दहा पिढ्यांत एकदाही अपडेट लागला नाही. उघडली की उघडते." लग्न केलं नव्हतं. अकरा मुली पाहून अकराही नाकारल्या असं त्यांची वहिनी सांगायची म्हणे. अकरा जणींनी त्यांना नाकारलं असं आम्ही सांगायचो. आमच्या सांगण्याला पुरावा नव्हता, पण ऐकणाऱ्यांना ते पटायचं.

मुली पाहायची हौस फिटली नव्हती म्हणून की काय, नवी सिस्टिम बाजारात आली की सर तिची रीतसर पाहणी करायचे. शनिवारी दुपारी, काम संपल्यावर. कोपऱ्यातल्या एका रिकाम्या संगणकावर ती चढवायची, समोर खुर्ची मांडायची, चहा सांगायचा आणि आम्हाला मागे उभं करायचं. मग बटण, तळहात, केशवाय नमः. दामोदराच्या आत उघडली तर पुढचे प्रश्न. नाही उघडली तर तिथंच निकाल. त्यांनी कुठल्याच सिस्टिमला कंपनीच्या नावानं हाक मारली नाही. एक होती ती 'नटवी', कारण तिच्या खिडक्या काचेसारख्या चमकायच्या. एक 'बिनबटणाची', कारण तिच्या कोपऱ्यातलं नेहमीचं बटण कंपनीनं काढून टाकलं होतं. तिच्यापुढे सर चोवीस नावं दोनदा संपवून बसले. मग म्हणाले, "घराला दार न ठेवता नक्षी काढलीय. आत कसं जायचं हे पाहुण्यानं ओळखायचं. चालणार नाही."

एक सिस्टिम भर पाहणीत स्वतःच्या मनानं बंद पडून पुन्हा सुरू झाली आणि पडद्यावर लिहून आलं की अपडेट चालू आहे, संगणक बंद करू नये. सर कप खाली ठेवून खूप वेळ तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पाहायला आलेल्या मंडळींना बाहेर बसवून ही आत केस विंचरतेय. आणि वर सांगते, दार वाजवू नका."

हे सगळं ते एका आडव्या वहीत लिहून ठेवायचे. प्रत्येकीला एक पान, त्यावर टोपणनाव, कितव्या नावाला उघडली, आणि निकाल. सगळ्या पानांवर निकाल एकच : चालणार नाही. एकदा मी मागून म्हटलं, "सर, थोडं सांभाळून घेतलं तर चालेल की." ते खुर्चीसकट वळले.

"चालेल? निकमबाई, बरं म्हणा, वाईट म्हणा. चालेल हा शब्द हरलेल्या माणसाचा आहे. चालेल म्हणणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये."

यातली गंमत अशी, की आमचे मालक भाऊसाहेब यांचा हाच तर आवडता शब्द होता. भाऊसाहेब द्राक्षबागांतून वर आलेले, माणूस दिलदार, पण मशीनवर खर्च करायचा म्हटलं की त्यांचं पोट दुखायचं. नवा संगणक आणि त्याच्या जोडीला मशीनचं नवं सॉफ्टवेअर, अशी सरांची मागणी त्यांनी कधीच मंजूर करून ठेवली होती. मंजुरीचा कागद सरांच्या टेबलाच्या काचेखाली होता. वस्तू तेवढी येत नव्हती. दर महिन्याच्या एक तारखेला सर स्मरणपत्र लिहायचे, त्यावर क्रमांक घालायचे आणि स्वतः भाऊसाहेबांच्या हातात द्यायचे.

"सर, चालतंय ना अजून?" भाऊसाहेब म्हणायचे. "मग? लय घाई नाय करायची. पुढच्या सीझनला बघू. तवर चालेल."

सर आपल्या टेबलाशी परत यायचे आणि पाठप्रत फायलीत लावायचे. अशी सहा वर्षं गेली. बहात्तर पत्रं.

सहा वर्षं एखाद्या गोष्टीची वाट बघणाऱ्या माणसाची माणसं काय अवस्था करतात, ते मी सांगते, कारण करणाऱ्यांत मी पहिली होते. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. खाली फाटकात दिवसभर नमुन्यांचे टेम्पो येत. एक दिवस मी जिन्यावरून ओरडले, "गायधनी सर, आलं हो तुमचं!" सर हातातलं टाकून, चष्मा सावरत दोन मजले उतरून खाली गेले. टेम्पोत द्राक्षांच्या पेट्या. वर सगळे खिडकीला लटकून हसत होते. ते वर आले, घाम पुसला, कामाला लागले. पुढं तो खेळच झाला. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ओरडायचं आणि दर वेळी सर उतरायचे. ते भोळे नव्हते. चेष्टा आहे हे त्यांना जिन्याच्या पहिल्याच पायरीला कळत असणार. मी एकदा विचारलंच, "सर, रोज फसता, तरी जाता कसे?"

"खरंच आलं असलं तर?" ते म्हणाले. "तुमच्या चेष्टेपायी मी त्याला फाटकात ताटकळत ठेवू?" आणि मग खालच्या आवाजात, "फक्त एक करा. दुपारी ओरडत जा. सकाळी गुडघा धरलेला असतो."

आम्ही ते लक्षात ठेवलं आणि सकाळी ओरडायला लागलो.

आता त्यांनी माझं काय केलं तेही सांगते, म्हणजे मी एकटीच वाईट ठरणार नाही. एका हंगामात घाईघाईत मी तीन नंबरला माझा पेनड्राइव्ह लावला. काही बिघडलं नाही. पण सरांनी पाहिलं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं, खालच्या नमुने उतरवणाऱ्या बायकांनासुद्धा, आणि मला आडव्या वहीत लिहायला लावलं : मी वैशाली निकम, न विचारता, न धुतलेल्या हातानं दुसऱ्याच्या ताटात हात घातला. मग ते मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं. माझा आवाज चिरकला तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा. मागच्यांना ऐकू आलं नाही. आणि एम.एस्सी.चा कागद कुठल्या वखारीत मिळतो तेही सांगा, आमच्या पुतण्यालाही एक आणून देतो." नमुने उतरवणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ते वाक्य मला आजही पाठ आहे, आणि ते पाठ असण्यानंच पुढचं सगळं घडलं.

सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, ते नेमकं भर हंगामात, जानेवारीच्या शेवटाला. आठ दिवसांची रजा. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एक कोरा कागद दिला. तळाशी त्यांची सही.

"यायचं ते मी नसतानाच येईल, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "आलं तर सहीवाचून परत जायला नको. वर फक्त एवढं लिहा, की नवा संगणक ताब्यात घेतला. आणि काहीही झालं तरी तीन नंबर हलवू द्यायचा नाही. पुढचा सगळा हंगाम दोन्ही शेजारी शेजारी चालतील. नवी सून आली म्हणून त्याच दिवशी सासूच्या हातची पळी काढून घेत नाहीत. माझा फोन चालू असेल. आलं की मला कळवा. पट्टी असली तरी रिक्षानं येईन."

तो कागद त्यांनी मला का दिला, दुसऱ्या कोणाला का नाही, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला आणि खरंच तेच आलं; भाऊसाहेबांनी आम्हाला न सांगता अखेर ऑर्डर दिली होती. खोकी वर चढली. मी फोन हातात घेतला होता. सहा वर्षं ज्यासाठी हा माणूस जिने उतरला, ते तो घरी पट्टी लावून पडलेला असताना वर चढून आलंय, आणि ते उघडणार आहे मी, या विचारानं मला इतकं गोड वाटलं की मी फोन पर्समध्ये टाकला. कंपनीचा इंजिनिअर चटपटीत होता. संध्याकाळपर्यंत त्यानं सगळं जोडून दिलं. मशीन नव्या संगणकाशी बोलायला लागलं. मग तो म्हणाला, "मॅडम, जुना पीसी एक्स्चेंजमध्ये आहे. आजच न्यावा लागेल. नाहीतर तुमच्या सरांना यायला सांगा, मी दोन-तीन दिवस थांबवून बघतो."

बघा, तो थांबायला तयार होता. मीच म्हटलं, "न्या." मी तो कागद काढला आणि सहीच्या वर लिहिलं, नवा संगणक ताब्यात घेतला. आणि त्याखाली आणखी एक ओळ, जुना संगणक कंपनीस परत दिला. दोन माणसांनी तीन नंबर उचलला. त्याच्या खाली टेबलावर फिक्या रंगाचा चौकोन उरला होता. तो मी ओल्या फडक्यानं पुसला.

सर आठ दिवसांनी आले, काळा चष्मा लावून. दारातच थांबले. सगळे माना खाली घालून, पण कान देऊन. ते नव्या संगणकापुढं बसले, तळहात ठेवला, बटण दाबलं. केशवाय, नारायणाय, माधवाय, गोविंदाय. चौथ्या नावाला उघडला. कोणीतरी मागून टाळी वाजवली.

"वेगात आहे," सर म्हणाले. मग म्हणाले, "तीन नंबर कुठाय?"

"कंपनीनं नेला, सर," मी म्हटलं. "अदलाबदलीत होता."

"मला फोन?"

"म्हटलं, पट्टी आहे, कशाला त्रास द्यायचा."

त्यांनी काळा चष्मा काढला नाही, त्यामुळं ते माझ्याकडे बघत होते की नाही हे मला कळलं नाही. त्याच आठवड्यात त्यांनी त्र्याहत्तरावं स्मरणपत्र लिहिलं : जुना संगणक परत मागवावा. ते वाचून भाऊसाहेब हसून हसून खोकले. "सर, सहा वर्षं नव्यासाठी रडला. आता जुन्यासाठी? तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?" ही गोष्ट प्रयोगशाळेत महिनाभर पुरली. सगळ्यांत चांगली नक्कल मी करायची, काळा चष्मा लावून.

मार्चमध्ये परदेशातून पत्र आलं. जानेवारीत आम्ही पास केलेल्या एका कंटेनरमध्ये तिकडच्या तपासणीला एका औषधाचा अंश जास्त सापडला होता. तुमच्या तपासणीचे मूळ आलेख दाखवा, त्यांनी लिहिलं. छापील रिपोर्ट नको. मुदत पाच दिवसांची. मूळ आलेख तीन नंबरवर केलेले. त्यांच्या प्रती सरांनी सीडीच्या तबकड्यांवर करून कपाटात तारखेवार लावलेल्या होत्याच, त्यात काही उणं नव्हतं. मी एक तबकडी नव्या संगणकात घातली. चौथ्या नावाला उघडणाऱ्या त्या वेगवान यंत्रानं सांगितलं, ही फाइल मला ओळखता येत नाही. दुसरी. तिसरी. तेच. त्या इंजिनिअरला फोन केला, तर जुना डबा भंगारात जाऊन फुटलाही होता.

सर माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "आमच्याकडे मोडीतल्या वह्या आहेत, निकमबाई. सगळी अक्षरं शाबूत आहेत. वाचणारे आजोबा गेले." एवढंच बोलले. मग पाच दिवस ते तालुक्यातल्या प्रत्येक जुन्या प्रयोगशाळेत त्या तबकड्या घेऊन बसनं हिंडले. एकानंही तसला संगणक ठेवला नव्हता. सगळ्यांनी अपडेट केलं होतं.

मुदत संपली. माल तिकडेच नष्ट केला गेला आणि आमचा सगळ्यांत मोठा निर्यातदार दुसरीकडे गेला. भाऊसाहेबांना आता दाखवायला एक डोकं हवं होतं. त्यांनी सरांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सरांच्या सहीचा तो कागद होता.

"जुना डबा दिला कोणी?" भाऊसाहेबांचा आवाज चढला होता. "मी तर नाय सांगितलं. ही सही कोणाची हे?"

सरांनी कागद उचलला आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. माझं अक्षर डावीकडे कलतं. सगळी प्रयोगशाळा ते ओळखते. नमुन्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहिते. सरांनी ते अक्षर वाचलं. दोन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ त्यांनी घेतला. ते आता वर बघतील, माझं नाव घेतील, आणि संपलं.

"सही माझी आहे," सर म्हणाले.

"आन् वरचं?"

"सहीच्या वर जे असतं ते सही करणाऱ्याचं. आमच्या घरच्या वह्यांना हाच नियम आहे."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्हाला काय माहिती यातलं?"

"मला काही माहीत नाही," मी म्हटलं.

मी घाबरले होते हे खरं. पण नुसती घाबरले नव्हते. मागच्यांना ऐकू आलं नाही, पुन्हा वाचा, हे माझ्या कानात वाजत होतं, आणि मला बरं वाटलं. ते आज लिहितानाही मी खोडणार नाही. एकोणीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला भाऊसाहेबांनी त्याच दुपारी राजीनामा लिहायला सांगितला. जाताना सरांनी तबकड्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "यांच्यावर धूळ बसू देऊ नका," म्हणाले. "वाचणारा आज ना उद्या मिळतो." ते जिना उतरत असताना वरून कोणीतरी सवयीनं ओरडलं, "सर, आलं हो तुमचं!" सर थांबले, आणि वळून फाटकाकडे बघितलं. मग पुढं गेले.

पुढच्या वर्षी मी प्रयोगशाळेची प्रमुख झाले. दोन-तीन वर्षांत तो वेगवान संगणकही जुना व्हायला लागला. एकदा भर तपासणीत त्यानं आपणहून अपडेट लावला आणि रात्रभराचे नमुने वाया गेले. मी बदली संगणक मागितला. भाऊसाहेब म्हणाले, "चालेल अजून." मी पहिलं स्मरणपत्र लिहिलं त्याच आठवड्यात कळलं, की गायधनी सरांना अर्धांगाचा झटका आलाय, आणि पंचवटीतल्या घरी अंथरुणाला खिळलेत.

मी गेले. सांगायचं ठरवून गेले. पिंपळगावपासून नाशिकपर्यंत बसमध्ये मनाशी घोकत होते : सर, ती दुसरी ओळ मी लिहिली. तो माणूस थांबायला तयार होता. मी मुद्दाम फोन केला नाही. तीन वाक्यं. त्याहून जास्त काही लागत नव्हतं.

सर खिडकीजवळच्या कॉटवर होते. उजवा हात उशीवर, दुसऱ्या कोणाचा तरी ठेवल्यासारखा. शेजारी त्यांचा पुतण्या, तिशीचा, रामकुंडावरून नुकताच आलेला, सोवळं सोडून टी-शर्ट घालून मोबाइल बघत बसलेला. सरांनी मला ओळखलं. ओठ हलायला लागले. केशवाय. नारायणाय. माधवाय. एकेका नावाला श्वास लागत होता. गोविंदाय. विष्णवे. मधुसूदनाय. त्रिविक्रमाय. आणि तिथं अडकले. ओठ उघडे, डोळे माझ्यावर, पुढचं नाव येईना.

पुतण्या मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "काका लोड होतायत. रोज याच जागी हँग होतात. थांबा जरा, रीस्टार्ट होतील, मग परत पहिल्यापासून."

मी हसले. आवरायच्या आधीच हसू बाहेर पडलं, आणि चांगलं मोठ्यानं. विनोद चांगला होता. खुद्द सरांनी दुसऱ्या कोणावर केला असता तर त्यांनी तो स्वतः वहीत लिहून ठेवला असता. पुतण्यालाही बरं वाटलं, तो चहा सांगायला आत गेला. आम्ही दोघंच उरलो. सरांचे डोळे माझ्यावरून हलले नव्हते.

मी खुर्ची पुढं घेतली. घोकलेली तीन वाक्यं जिभेवर होती.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी ना, तो कंपनीचा माणूस फार घाईत होता. काही ऐकूनच घेईना. ती ओळ त्यानंच घालायला लावली. मी म्हणत होते, सरांना विचारू या. पण तो ऐकेचना."

माझं बोलणं ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग तोंडाची एक बाजू हलली. मला वाटलं, पुन्हा केशवाय. पण नाही. शब्द यायला वेळ लागला, मी मनातल्या मनात मोजतच होते, दामोदरापर्यंत पोचले, आणि तो आला. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून इतकं स्वच्छ कोणी काही ऐकलं नव्हतं, असं नंतर पुतण्या म्हणाला; त्याला आतपर्यंत ऐकू गेलं होतं.

"चालेल," सर म्हणाले.

पुतण्या चहा घेऊन आला. मी तो प्यायले, कप खाली ठेवला आणि निघाले. पंधरा दिवसांनी सर गेले. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे आहे.